जुना गेम जरूर घ्या, पण हिशेब चोख ठेवा

प्लेस्टेशन ५ भारतात विक्रीला आला २ फेब्रुवारी २०२१ रोजी. डिस्क चालणाऱ्या कन्सोलची किंमत होती ४९,९९० रुपये, आणि मोठ्या कंपनीचा एखादा नवा गेम घ्यायचा तर पाच हजारांच्या आसपास मोजावे लागत. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर मागे टाकून वांगणीला घर घेणारा माणूस मुळात किमतीचा विचार करूनच इथवर आलेला असतो. घराचा हप्ता, लोकलचा पास आणि मुलांच्या क्लासची फी भागवून जे उरते, त्यात पाच हजारांचा गेम बसत नाही. म्हणून इथल्या घरात कन्सोल येतो तो बहुधा कुणाचा तरी वापरलेला. गेमही तसेच येतात. कधी बदलापूरच्या मित्राकडून, कधी ऑनलाइन जाहिरात पाहून, कधी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडवर दुकाने पालथी घालायची.

यात काही गैर आहे का, असा प्रश्न पालक विचारतात आणि पुष्कळदा मुलेही विचारतात. माझे उत्तर स्पष्ट आहे. वापरलेला गेम विकत घेणे, आपला खेळून झालेला गेम विकणे, मित्राला चार दिवस खेळायला देणे, यात कमीपणा नाही आणि अप्रामाणिकपणाही नाही. मात्र ‘सेकंडहँड’, ‘शेअरिंग’, ‘रेंट’ अशा साध्या नावांखाली बाजारात आणखीही काही विकले जाते, आणि ते निर्मात्याच्या कष्टांची उघड चोरी असते. दोन्हींमधली रेघ ओळखता आली की पैसे वाचतात आणि मनाला टोचणीही राहत नाही.

दोन प्रश्नांची कसोटी

कोणताही व्यवहार करण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा. या प्रतीचे पैसे निर्मात्याला एकदा तरी रीतसर मिळाले आहेत का? आणि ही प्रत एका वेळी एकाच घरी खेळली जाते आहे का?

दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर निश्चिंत राहा. मूळ डिस्क या कसोटीला सहज उतरते. पहिल्या गिऱ्हाइकाने दुकानात पैसे मोजले, त्यातला वाटा गेम बनवणाऱ्यांकडे गेला. पुढे ती डिस्क तीन घरे फिरली, तरी एका वेळी ती एकाच घरी असते. प्लेस्टेशन ४ किंवा ५ वर गेम कन्सोलमध्ये उतरवून घेतला, तरी खेळताना डिस्क आत लागतेच. तुम्ही ती मित्राला दिली की तुमचा खेळ थांबतो, त्याचा सुरू होतो. पुस्तक दिल्यावर आपल्या कपाटात जागा रिकामी होते, तसाच हा प्रकार.

कायदा काय सांगतो

इथे मात्र पुस्तक आणि गेम यांच्या वाटा थोड्या वेगळ्या होतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. तेव्हापासून आजवर आपल्या भागात कितीतरी वाचनालये उभी राहिली, वर्गणी घेऊन घरपोच पुस्तके देणारी खासगी वाचनालयेही चालली. लेखकाची परवानगी कुणाला काढावी लागली नाही, कारण १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकाची प्रत एकदा विकली गेली की ती चलनात आलेली प्रत ठरते आणि पुढे ती कुणाच्या हाती जाते यावर लेखक-प्रकाशकाचा हक्क राहत नाही.

गेम मात्र कायद्याच्या नजरेत संगणक प्रणालीत मोडतो. तिच्यासाठी कलम १४ मध्ये वेगळी तरतूद आहे. १९९४च्या दुरुस्तीत असे शब्द होते की प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, ती विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाचाच. १९९९ साली यातले ‘पूर्वी विकली गेलेली असो वा नसो’ हे शब्द काढून टाकले. त्यामुळे रीतसर घेतलेली डिस्क पुन्हा विकण्याच्या वाटेतला उघड अडसर दूर झाला. पण व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क मालकाकडेच राहिला. म्हणजे तुमची डिस्क तुम्ही मित्राला विकणे ही एक गोष्ट, आणि दुकान थाटून ‘दिवसाला अमुक रुपये’ या दराने पन्नास डिस्क फिरवणे ही निराळी गोष्ट. दुसऱ्या प्रकाराला प्रकाशकाची परवानगी लागते.

ही रेघ प्रत्येक देशाने आपापली ओढली आहे. अमेरिकेने १९९० साली संगणक प्रणाली भाड्याने देण्यावर बंदी घातली, पण घरगुती कन्सोलच्या गेमना तीतून वगळले; म्हणूनच तिथे ब्लॉकबस्टरसारख्या दुकानांत सिनेमांच्या शेजारी गेम भाड्याने मिळत. जपानमध्ये गेम कंपन्या जुन्या गेमच्या विक्रीविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने निकाल दुकानदारांच्या बाजूने दिला: एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर कंपनीचे नियंत्रण नाही. २०१३च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी वेगळाच घाट घातला होता. डिस्क खात्याला बांधलेली, मित्राला ती एकदाच देता येणार, आणि कन्सोलला दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची. लोक इतके चिडले की १९ जूनला कंपनीने सगळे मागे घेतले. आपल्या पैशाची वस्तू आपल्याला देता-विकता आली पाहिजे, ही अपेक्षा जगभरच्या खेळणाऱ्यांची आहे आणि ती रास्त आहे.

तासावर पैसे घेऊन खेळवणाऱ्या पार्लरचा प्रश्न आणखी वेगळा. घरगुती गेमचा परवाना घरगुती वापरापुरता असतो. चार टीव्ही लावून असा धंदा सुरू करायचा तुमचा विचार असेल, तर गाळ्याचे डिपॉझिट भरण्याआधी परवान्याची चौकशी करा.

ज्यापासून लांब राहावे

पहिला प्रकार ‘गेम भरून दिलेल्या’ कन्सोलचा. पूर्वी ‘चिप मारलेला’ प्लेस्टेशन २ मिळे, आता ‘जेलब्रेक’ केलेला कन्सोल मिळतो. हार्डडिस्कवर तीस-चाळीस गेम, वर ‘पुढचे गेम फुकट भरून देऊ’ असे आश्वासन. कसोटीच्या पहिल्याच प्रश्नाला याचे उत्तर ‘नाही’ असे येते. गेमचे कुलूप तोडण्याबद्दल कायद्याच्या कलम ६५अ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ब खाली किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, दंड मात्र पन्नास हजारांपर्यंत लावू शकते. शिवाय असा कन्सोल कंपनीच्या ऑनलाइन सेवेतून कायमचा बाद होऊ शकतो.

दुसरा प्रकार आपल्याकडे फार फोफावला आहे: अकाउंट भाड्याने देणे, किंवा एकाच खात्यावरचा गेम ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ असे तुकडे करून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकणे. टेलिग्रामवर, इन्स्टाग्रामवर याच्या जाहिराती रोज दिसतात. नवा गेम निम्म्याहून कमी दरात मिळतो म्हणून मुले भुलतात. इथे पैसे एका प्रतीचे गेले आणि खेळणारी घरे अनेक झाली. दुसऱ्या प्रश्नावर व्यवहार नापास. कंपनीच्या अटींत खाते विकणे वा भाड्याने देणे बसत नाही, त्यामुळे खाते बंद पडले तर दाद मागायला जागा नाही. विकणारा स्वतःच पासवर्ड बदलून मोकळा होतो, आणि तुमच्या हाती व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटशिवाय काही उरत नाही. एकाच घरातल्या भावंडांनी एका कन्सोलवर आपापल्या खात्यांतून खेळणे यात काहीच वावगे नाही. ती सोय कंपनीनेच दिलेली आहे.

भाड्याने खेळण्याची हौस असेल तर त्याची सरळ वाटही आहे. प्लेस्टेशन प्लसच्या २०२२ पासूनच्या ‘एक्स्ट्रा’ आणि ‘डीलक्स’ योजनांत आणि एक्सबॉक्सच्या गेम पासमध्ये वर्गणीच्या मुदतीत शेकडो गेम खेळता येतात आणि निर्मात्यांशी तसा करार झालेला असतो. मे महिन्याच्या सुट्टीपुरती वर्गणी भरून जून उजाडताच ती बंद करणे हे मध्यमवर्गीय घराला परवडणारे आणि पूर्णपणे प्रामाणिक भाडे आहे. वर्गणी आपोआप नूतन होते, तेवढे बंद करायला विसरू नका.

डिस्क पारखताना

डिस्क हातात घेतली की कडेने आणि मधल्या भोकाने धरा आणि ट्यूबलाइटखाली तिरकी करा. मधून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे सहसा चालून जातात. ड्राइव्हच्या फिरण्याच्या दिशेने गेलेला गोलाकार खोल ओरखडा जास्त वाईट, कारण तिथे सलग मजकूर खराब झालेला असतो. मग डिस्क उजेडासमोर धरून आरपार पाहा. टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश दिसला तर तिथला मजकुराचा थर गेला आहे. ती डिस्क घेऊ नका.

पूर्वी सीडीवर टूथपेस्ट घासून ती चालवण्याची युक्ती घराघरांत होती. ती इथे करू नका. सीडी, डीव्हीडीवर मजकुराच्या थरापुढे प्लास्टिकचे जाड कवच असते. डीव्हीडीत ते ०.६ मिलिमीटर. प्लेस्टेशन ३ पासून पुढच्या आणि एक्सबॉक्स वनच्या डिस्क ब्लू-रे आहेत, त्यांत मजकूर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो आणि वर फक्त एक कठीण लेप. घासलेत तर लेप जातो आणि मागोमाग मजकूरही. चष्म्याचे मऊ फडके घ्या आणि मधून कडेकडे सरळ पुसा, एवढेच पुरे.

आणखी तीन गोष्टी आधीच विचारून घ्या. एक, डब्यातले कोड वापरलेले आहेत का. जादा भागांचे कोड एकदाच चालतात. ते वापरलेले असतील तर किंमत त्या मानाने कमी हवी. दोन, डिस्क कोणत्या विभागाची आहे. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या डिस्क कुठल्याही देशातल्या कन्सोलवर चालतात, पण दुबईहून किंवा अमेरिकेहून काकांनी आणलेल्या डिस्कला भारतीय खात्यावरून घेतलेले जादा भाग बरेचदा जुळत नाहीत. तीन, वय. डब्याच्या कोपऱ्यात १२, १६, १८ असा आकडा छापलेला असतो. जुना गेम स्वस्त मिळाला म्हणून अठराचा गेम दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नका. दुकानदार विचारणार नाही, ते आपल्यालाच पाहायला हवे.

कन्सोल पारखताना

आधी एक साधी खात्री करा: कन्सोलला डिस्क लागते ना? पहिल्या प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती आणि एक्सबॉक्स सिरीज एस यांना डिस्कची फटच नसते. ते स्वस्त दिसतात, पण जुन्या डिस्कचा बाजार तुम्हाला त्या दिवसापासून बंद होतो आणि प्रत्येक गेम कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच घ्यावा लागतो.

आपल्या भागात आणखी एक तपासणी लागते, ती पाण्याची. २६ जुलै २००५ चा पूर कुणी विसरलेला नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकून पडली. हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पावसात तळमजल्यावरच्या घरांतले टीव्ही, मिक्सर, कन्सोल सगळेच भिजते. मग वाळवून, पुसून ते विक्रीला निघते आणि काही महिने चालतेही. म्हणून मागच्या बाजूचे स्क्रू, एचडीएमआय आणि यूएसबीची तोंडे टॉर्चच्या उजेडात पाहा. हिरवट-पांढरी बुरशी, गंजलेला स्क्रू, जाळीत अडकलेली वाळलेली माती, कोंदट वास यातले काहीही आढळले तर हात जोडून परत फिरा.

त्यानंतर कन्सोल सुरू करून किमान अर्धा तास खेळा. आपली एक डिस्क बरोबर न्या. ड्राइव्ह वाचतो का ते कळते. पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ड्राइव्ह मूळ बोर्डाशी जोडलेला असतो, परस्पर दुसरा बसवला असेल तर डिस्क वाचली जात नाही. पंख्याचा आवाज ऐका. कंट्रोलरची काडी सोडून द्या आणि पडद्यावरचे पात्र आपोआप सरकते का पाहा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आपल्या खात्याने ऑनलाइन प्रवेश करा. कन्सोल बाद केलेला असेल तर तिथेच कळेल. शेवटी विकणाऱ्याला त्याचे खाते काढून कन्सोल कोरा करायला सांगा, तुमच्या डोळ्यांसमोर.

पैसे देताना

मूळ बिल मागा आणि खोक्यावरचा अनुक्रमांक कन्सोलवरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहा. बिल हरवणे समजू शकते. पण अनुक्रमांकाचे स्टिकर खरवडलेले असेल, चार्जर-खोके काहीच नसेल आणि किंमत संशय यावा इतकी कमी असेल, तर तो माल कुणाच्या तरी घरातून उचललेला असू शकतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. त्याहीपेक्षा, कुठल्या तरी पोराची वर्षभराची हौस त्यात गेलेली असते.

ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाशी व्यवहार समोरासमोर करा. कल्याण किंवा बदलापूर स्थानकाबाहेरचे वर्दळीचे ठिकाण डिस्कसाठी चांगले. कन्सोल मात्र चालवून पाहता येईल अशाच जागी घ्या. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, आगाऊ पैसे पाठवा, माल कुरिअरने येईल’ ही फसवणूक जुनी आहे आणि अजून चालते. तुम्ही विकणारे असाल तर लक्षात ठेवा, पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता सायबर मदतीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा.

विकणाऱ्यालाही नीतिनियम आहेतच. ओरखडा असेल तर तो आपणहून दाखवा, कोड वापरला असेल तर सांगा, कन्सोल उघडून दुरुस्त केला असेल तर तेही सांगा. शंभर-दोनशे रुपये कमी मिळतील, पण पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक तुमच्याकडेच येईल.

निर्मात्याचा वाटा

जुन्या डिस्कचे पैसे निर्मात्यापर्यंत पोचत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. पण ज्याला पाच हजार परवडतच नाहीत, त्याने जुनी डिस्क घेतल्याने नव्या डिस्कची विक्री बुडत नाही. उलट जुना गेम विकून आलेल्या पैशांतून कितीतरी जण नवा गेम घेतात. मोठ्या प्रकाशकाचा, दोन-तीन वर्षांपूर्वीचा गेम जुना घेताना म्हणूनच मनात किंतु ठेवू नका.

छोट्या निर्मात्याबाबत मात्र हात सैल सोडा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम केला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही आणि २०२० साली तो निन्टेंडो स्विच, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स आणि संगणकावर आला. भारतीय पुराणकथांच्या जगात वावरणारी मुलगी नायिका, आपल्याकडच्या वास्तू, आपले रंग असलेला गेम जगभरच्या कन्सोलवर गेला. अशा छोट्या चमूला प्रत्येक विकलेली प्रत मोलाची असते. असा गेम नवाच घ्यावा.

बाकीच्या वेळी एक सवय लावून घ्या: जुनी डिस्क घेण्याआधी कंपनीच्या ऑनलाइन दुकानात किंमत पाहा. दिवाळी, नाताळ, उन्हाळी सेलमध्ये दोन वर्षे जुना गेम कधी कधी सेकंडहँड डिस्कच्याच किमतीला मिळतो. फरक किरकोळ असेल तर पैसे निर्मात्याला द्या. फरक मोठा असेल तर डिस्क घ्या; ती पुढे विकता येते, धाकट्याला देता येते. डिजिटल प्रत तुमच्या खात्याबाहेर जात नाही, हेही त्या हिशेबात धरा.

वाचनालयाने एक कपाट मांडावे

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेली एक दुरुस्ती आपल्या फार कामाची आहे. ना-नफा तत्त्वावरचे वाचनालय किंवा शिक्षणसंस्था यांनी रीतसर घेतलेली संगणक प्रणालीची प्रत नफ्याशिवाय वापरायला दिली, तर ते ‘व्यापारी भाडे’ ठरत नाही. जे दुकानदाराला परवानगीशिवाय करता येत नाही, ते सार्वजनिक वाचनालयाला करता येते. बदलापूरच्या ग्रंथसखा वाचनालयाने या पट्ट्यात पुस्तकांचे केवढे वैभव उभे केले आहे ते आपण पाहतो. वांगणी, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या एखाद्या वाचनालयाने खेळून झालेल्या मूळ डिस्क देणगीत घ्याव्यात, नोंदवहीत चढवाव्यात आणि सभासदांना आठवडाभरासाठी द्याव्यात.

वांगणीला याची विशेष गरज आहे. इथे दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतले अनेक जण लोकलमध्ये वस्तू विकून घर चालवतात. खेळ त्यांच्यासाठी नसतो, असे आपण परस्पर ठरवून टाकतो. पण २०२० साली आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ या गेममध्ये अपंगांसाठी साठहून अधिक सोयी होत्या. मजकूर वाचून दाखवणारा आवाज, दिशा सांगणारे ध्वनी, कंट्रोलरची थरथर यांच्या आधारे पूर्ण अंध खेळाडूंनी तो शेवटपर्यंत खेळला आहे. २०२३च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये तर दृष्टिहीनांना गाडीची शर्यत लावता येते. पहिला गेम प्रौढांचा आहे, हिंसक आहे, आणि त्यातला आवाज मराठी बोलत नाही; सुरुवातीला शेजारी बसून कुणीतरी समजावून सांगावे लागेल. पण त्याची जुनी डिस्क आणि जुना प्लेस्टेशन ४ एवढ्या भांडवलावर वाचनालयाच्या खोलीत हा खेळ सुरू होऊ शकतो.

तुमच्या घरात खेळून संपलेला, कपाटात पडलेला मूळ गेम असेल तर तो विका, नाहीतर द्या. आणि तुम्ही कुठल्या वाचनालयाचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत गेमच्या कपाटाचा ठराव मांडा. कायदा आपल्या बाजूने आहे, डिस्क आपल्याच घरांत आहेत.